टार्गेटेड थेरपीची गोळी चालू असताना: फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि घरच्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळला जनरल प्रॅक्टिस करतो, कॅन्सरतज्ज्ञ नाही. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण मुंबईहून गोळ्यांची पाकिटं घेऊन रात्रीच्या गाडीनं परततात, पुढची तारीख दोन-तीन महिन्यांनी असते, आणि मधे जे काही होतं ते आमच्यासारख्यांच्या दारात येतं. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, पार शहाद्याकडूनही पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. डोस कमी करणं, गोळी बदलणं हे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांचं काम. घाई कधी करायची ते मात्र तुम्हालाच ओळखावं लागतं, म्हणून प्रश्न ६ आणि ७ घरातल्या प्रत्येकानं वाचावेत.

१. टार्गेटेड थेरपी म्हणजे केमोच ना, फक्त गोळीतली?

नाही. केमो वेगानं वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर तुटून पडते. ही गोळी कॅन्सरच्या पेशीतल्या एका ठरावीक बिघाडावर काम करते. ईजीएफआर, एएलके, रॉस-वन अशी त्या बिघडलेल्या जनुकांची नावं तुमच्या रिपोर्टवर असतील. बिघाडामुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत मिळत राहतो आणि गोळी तो हुकूम अडवते. म्हणून तपासणीत बिघाड सापडला तरच ही गोळी मिळते. शेजारच्या गावातल्या पेशंटला लागू पडली म्हणून तुम्हालाही पडेल, असं नसतं.

ईजीएफआरसाठी जेफिटिनिब, एर्लोटिनिब, अफाटिनिब, ऑसिमर्टिनिब, आणि एएलकेसाठी क्रिझोटिनिब, सेरिटिनिब, अलेक्टिनिब, ब्रिगॅटिनिब, लोरलाटिनिब या गोळ्या आहेत. त्रास गोळीप्रमाणे बदलतो, तेव्हा फोन करताना आधी पाकिटावरचं नाव वाचून दाखवा. ‘ती पांढरी गोळी’ यावरून मला काही कळत नाही.

‘मायनं जन्मात विडीला हात लावला नाही, तिला कसा झाला?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, आणि ईजीएफआरचा बिघाड तर अशा लोकांत, त्यातही बायकांत, जास्त सापडतो. भारतात फुफ्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमा प्रकारात साधारण चारातल्या एका रुग्णात तो असतो.

२. केस गळतील का?

केमोसारखं टक्कल सहसा पडत नाही. ईजीएफआरच्या गोळ्यांनी केस विरळ, राठ किंवा कुरळे होऊ शकतात आणि पापण्यांचे केस लांब वाढतात (त्याचा डोळ्यांना होणारा त्रास प्रश्न १० मध्ये).

३. दहाव्या दिवशी आबांच्या तोंडावर आणि छातीवर पुटकुळ्या आल्या. गावातले म्हणतात देवी आल्या, कडुलिंबाचा पाला बांधा. काय करू?

देवीही नाहीत आणि कांजिण्याही नाहीत. ईजीएफआर नावाचा तोच घटक आपल्या कातडीच्या निरोगी पेशींतही असतो. गोळी तिथेही काम करते, म्हणून पुरळ उठतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत वाढतं, मग बहुतेकांचं ओसरतं. ते कुणाला लागत नाही. नातवंडांना आबांजवळ बसू द्या.

कोमट पाणी, सौम्य साबण आणि अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, एवढं दिवसातून दोनदा. मुरुमांची मलमं मुळीच नकोत. दिसायला मुरुमांसारखं असलं तरी हे मुरुम नव्हेत, आणि ती मलमं कातडी आणखी सुकवतात. बेसन, लिंबू, हळदीचा लेप हेही त्यातच धरा. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना चालेल, पुटकुळ्यांवर नको. डॉक्टर बहुधा सौम्य स्टेरॉइड मलम आणि काही आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. त्या डॉक्सीसायक्लिननं ऊन जास्त लागतं, हे लक्षात असू द्या.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडचं ऊन साधं नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी दहाच्या आत शेतातून परत या. पूर्ण बाह्या घाला, कान-मानेवरून उपरणं घ्या, उघड्या भागाला सनस्क्रीन लावा. टोपीनं डोकं झाकतं, नाक आणि गाल उघडेच राहतात, आणि पुरळ नेमकं तिथेच असतं.

पुटकुळ्यांत पू, पिवळ्या खपल्या किंवा ताप असेल तर दोन दिवसांत दाखवा. अंगावर फोड येऊन कातडी सुटत असेल, सोबत तोंड-डोळे सोलवटले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

४. आमच्या काकूंना एकही पुटकुळी आली नाही. म्हणजे गोळी लागू पडत नाही का?

तसा अर्थ काढू नका. एर्लोटिनिबसारख्या जुन्या गोळ्यांच्या अभ्यासांत पुरळ येणाऱ्यांना गुण जास्त, असं दिसलं होतं खरं, पण पुरळ न येताही गाठ आटलेले रुग्ण भरपूर आहेत. ऑसिमर्टिनिबनं तर पुरळ मुळातच कमी येतं. गोळीचा गुण सीटी स्कॅनवरून ठरवतात.

५. दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब होतात. गोळी गरम पडली का? बंद करू का?

‘गरम पडली’ हा शब्द मी रोज ऐकतो. आतड्याच्या अस्तरातही ईजीएफआर असतो आणि तो अडला की पाणी नीट शोषलं जात नाही, असा हा प्रकार आहे. अफाटिनिबनं जुलाब सर्वांत जास्त, बाकीच्या ईजीएफआर गोळ्यांनी कमी. अलेक्टिनिबवर असाल तर उलट बद्धकोष्ठाची तक्रार जास्त.

मोजायचं कसं? नेहमीपेक्षा किती वेळा जास्त, ते पाहा. एरवी एकदा जाणारा माणूस तीनदा गेला तर घरी सांभाळता येतं. नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त म्हणजे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सात किंवा त्याहून जास्त, किंवा लघवी कमी-गडद होणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, म्हणजे सलाईनसाठी भरती. तुमचे जुलाब पाच-सहा असतील तर तुम्ही फोनच्या टप्प्यात आहात. गोळी चालू ठेवायची की एक-दोन दिवस थांबवायची, ते फोनवर ठरू द्या.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइड मुंबईहून निघतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या: बहुधा सुरुवातीला दोन, मग प्रत्येक पातळ जुलाबानंतर एक. दिवसाला जास्तीत जास्त किती, हेही लिहून घ्या आणि त्यापुढे अंदाजानं जाऊ नका. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घेऊ नका, आधी तपासून घ्या. उन्हाळ्यात, पावसाळ्यात दूषित पाण्याचे जुलाबही तितकेच होतात आणि ते गोळीच्या नावावर खपून जातात.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घाला, निम्मं पाकीट पेल्यात नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भाताची पेज, मुगाचं वरण, आणि केळी. केळीच्या मुलखात राहून जुलाबात केळं बंद करणारी घरं मी बघतो तेव्हा नवल वाटतं. पिकलेलं केळं पोटॅशियम देतं, ते खाऊ द्या. शेवभाजी, ठेचा, दूध, तळण हे मात्र थांबवा.

६. बापूंना पुन्हा खोकला आणि दम लागायला लागला. मळणीची धूळ असेल का?

असेलही. पण घरी बसून ते ठरवू नका. शंभरातल्या थोड्याच रुग्णांना, साधारण एक ते चार जणांना, या गोळ्यांमुळे फुफ्फुसाला सूज येते. ती वेळेत ओळखली नाही तर जिवावर बेतते. बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतरही होऊ शकते. ब्रिगॅटिनिबनं तर पहिल्या आठवड्यातच श्वासाचा त्रास होऊ शकतो.

कोरडा खोकला नव्यानं येतो किंवा असलेला वाढतो, दम दिवसागणिक वाढत जातो, कधी बारीक ताप असतो. काल विहिरीपर्यंत चालत गेलेला माणूस आज ओसरीतून न्हाणीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. धुळीचा खोकला घरात बसलं की दोन-तीन दिवसांत उतरतो. हा उतरत नाही.

घरी ऑक्सिमीटर ठेवा आणि तब्येत बरी असताना आठ दिवस रोजचा आकडा वहीत लिहा. तो तुमचा नेहमीचा आकडा. त्याच्यापेक्षा तीन-चारनं खाली गेला, किंवा ९४ च्या खाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात. स्वतःहून गोळी थांबवायची परवानगी मी फक्त इथे देतो: दम नव्यानं वाढला असेल तर पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. सीटी स्कॅन होतो, सूज निघाली तर स्टेरॉइड सुरू होतात. रात्र असेल तर मुंबईच्या गाडीची वाट पाहू नका. जळगाव, धुळे, नंदुरबार, जे जवळ असेल त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा: ‘फुफ्फुसाच्या कॅन्सरची टार्गेटेड गोळी चालू आहे.’ पाकीट सोबत न्या.

७. आणखी कुठल्या लक्षणांत सकाळपर्यंत थांबायचं नाही?

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, धडधड. ऑसिमर्टिनिब आणि क्रिझोटिनिबनं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून त्यांच्यावर अधूनमधून ईसीजी काढतात. फीट येणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं. डोळे पिवळे आणि लघवी गडद होणं, कारण गोळीनं यकृताला सूज येऊ शकते. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत कळ, ही रक्ताची गुठळी असू शकते आणि ती फुफ्फुसात सरकू शकते. थुंकीतून चमचाभर किंवा जास्त रक्त. अचानक येणारी पाठदुखी आणि पायांतली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, हेही त्यातच. जुलाबाचं प्रश्न ५ मध्ये, श्वासाचं प्रश्न ६ मध्ये.

८. नखांच्या कडा सुजल्यात, बोटांना चिरा पडल्यात. हे गोळीचंच का?

हो. पुरळ ओसरत येतं तेव्हा, म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या सुमारास, नखुरडी सुरू होतात. गेल्या हिवाळ्यात एक आजी आल्या. उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारी लाल मांस वर आलेलं, बाकीच्या बोटांच्या टोकांना उभ्या चिरा. कळण्याच्या पिठात मीठ असतं. परातीत पहिलीच थाप मारली की झोंबून हात मागे यायचा. तीन आठवडे त्या सुनेला ‘तूच थाप’ म्हणत होत्या, आणि सुनेला वाटत होतं की आजारानं सासूबाईंचं कामातून मन उडालं. बोटं कुणी पाहिलीच नव्हती. त्यांनी दाखवली नव्हती.

कोमट पाण्यात तितकंच पांढरं व्हिनेगर घालून रोज दहा-पंधरा मिनिटं बोटं बुडवून ठेवा, नंतर नीट कोरडी करा. रात्री चिरांना व्हॅसलिन चोपडून सुती मोजे घाला, हातातही. नख कोपऱ्यातून खोल कापू नका, वर आलेलं मांस ब्लेडनं काढू नका. कापूस वेचणं बंद. बोंडाची टोकं बोटांत घुसतात आणि तिथूनच पू होतो. भांडी घासताना आत सुती, वर रबरी हातमोजे. पायात घट्ट बूट नको. पू झाला तर अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टरांकडून.

९. तोंड आलंय, तिखट सोसतच नाही. जेवायला काय द्यायचं?

खान्देशी घरात हा सर्वांत अवघड प्रश्न, कारण काळा मसाला काढला की ताटात उरतं काय? भरताचं वांगं भाजा, पण हिरवी मिरची आणि कच्चा लसूण न घालता थोडं तेल-मीठ लावून मऊ करून द्या. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, खिचडी, दही-भात. मीठ-सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. अल्कोहोलवाली माउथवॉश नकोत. तंबाखूची गोळी गालात असेल तर हे कशानंच बरं होणार नाही.

१०. डोळ्यांत सतत खुपतं. चष्म्याचा नंबर वाढला का?

ईजीएफआरच्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात, आणि लांब वाढलेले पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासतात. नेत्रतज्ज्ञ ते काढतात. स्वतः चिमट्यानं उपटू नका. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नाही, असं असेल तर दुसऱ्याच दिवशी दाखवा. क्रिझोटिनिबचा प्रकार वेगळा आहे: अंधारातून उजेडात येताना दिव्यामागे शेपटासारखी रेघ दिसते. बहुतेकांना त्याची सवय होते, पण तोवर रात्री मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नका.

११. आमची एएलकेची गोळी आहे. पाय सुजतात आणि माणूस चिडका झालाय. हे कशाचं?

दोन्ही पाय संध्याकाळपर्यंत सारखे सुजत असतील तर क्रिझोटिनिब, अलेक्टिनिब, लोरलाटिनिब तिघांनीही ते होतं. पाय उशीवर ठेवा, मीठ कमी करा, पुढच्या भेटीत सांगा. एकच पाय सुजला तर प्रश्न ७. अलेक्टिनिब-क्रिझोटिनिबनं नाडी मंदावते. मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा गरगरलं तर कळवा, विशेषतः बीपीची ‘लोल’नं संपणारी गोळी सोबत असेल तर. अलेक्टिनिबनं मांड्या-दंड दुखतात, त्यासाठी रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) तपासतात. उन्हाचं पथ्य अलेक्टिनिबलाही आहेच.

चिडचिड, विसराळूपणा, बोलताना शब्द न सापडणं, हे लोरलाटिनिबनं होतं. घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. डोस कमी केला की बऱ्याचदा सुधारतं, म्हणून लाजू नका, सांगा. लोरलाटिनिबनं कोलेस्टेरॉलही चांगलंच वाढतं.

१२. गोळी चुकली, किंवा घेतल्यावर उलटी झाली तर?

दोन गोळ्या एकदम कधीही नाहीत. उलटी झाली तर ती गोळी परत घेऊ नका, पुढची वेळेवर घ्या. विसरलात तर किती तासांपर्यंत घ्यायची हे गोळीगणिक वेगळं आहे. पहिल्याच दिवशी विचारून पाकिटावर पेनानं लिहून ठेवा. आठवड्यात दोनदा-तीनदा चुकत असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर ‘गोळी लागू पडली नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

१३. एकादशी, नवरात्र, रोजे यांत गोळीचं काय?

एर्लोटिनिब आणि अफाटिनिब उपाशीपोटी घ्यायच्या असतात. जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिब कशाही चालतात. अलेक्टिनिब मात्र जेवणासोबतच, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. उपासाची भगर आणि दाण्याची आमटी हे जेवणच आहे, त्यासोबत घ्या. निर्जळी उपास नको. रोजे धरणाऱ्यांनी दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर नेता येईल का, दोनदाची सहरी-इफ्तारला बसेल का, हे रमजानच्या आधी विचारून घ्यावं. जुलाब चालू असतील तर कुठलाच उपास नको.

१४. सोबत दुसरी औषधं, काढे चालतात का?

इथे चूक माझीही झाली आहे. जेफिटिनिब चालू असलेल्या एका रुग्णाला मी सवयीनं रोजची पॅन्टोप्राझोल लिहून दिली होती. पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब आणि एर्लोटिनिब कमी शोषल्या जातात. मुंबईच्या चिठ्ठीत ते लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ऑसिमर्टिनिबला ही अडचण नाही.

टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन आणि फीटसाठीचं फेनिटॉइन यांनी बहुतेक टार्गेटेड गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण खूप घटतं. आपल्याकडे फुफ्फुसावर डाग दिसला की टीबीचा कोर्स सुरू होण्याची घाई असते, म्हणून हे मोठ्यानं सांगतो. फीटसाठी लेव्हेटिरासिटाम असा पर्याय आहे. विडी चालू असेल तर एर्लोटिनिब रक्तात जवळपास निम्म्यावर येते.

काढ्यांबद्दल: गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. आधीच यकृतावर भार टाकणाऱ्या गोळीसोबत ती नको, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलही नकोत. भाजीतली हळद खुशाल खा.

१५. उन्हाळ्यात गोळ्या फ्रीजमध्ये ठेवू का?

पाकिटावर तापमान लिहिलेलं असतं, २५ किंवा ३० अंश. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ते कुठून राहणार? धाब्याच्या घरातली आतली खोली चांगली. तीही नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या दारात चालेल का, हे तुमच्या गोळीचं नाव सांगून फार्मासिस्टला विचारा. चुलीवरची फळी, गाडीची डिकी, देवघराची खिडकी या जागा नकोत.

१६. त्रास गोळीचा की आजार परत वाढतोय, हे ओळखायचं कसं?

पुरळ, नखं, जुलाब, तोंड येणं हे गोळीचे त्रास. महिने-वर्ष बरं गेल्यावर हाड एकाच जागी रात्री दुखणं, वजन उतरणं, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, आवाज बसणं, खोकला परतणं, हे आजाराकडे बोट दाखवतात. आज ना उद्या बहुतेकांत कॅन्सर गोळीला चुकवायची वाट शोधतो. तेव्हा पुन्हा गाठीचा तुकडा किंवा रक्त तपासून पुढची गोळी ठरवतात. स्कॅनची तारीख पेरणी किंवा लग्नसराईसाठी पुढे ढकलू नका.

१७. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर ते गोळीच बंद करतील, अशी भीती वाटते.

ही भीती मला सर्वांत जास्त भेटते. तपासणीच्या टेबलावर आप्पा म्हणतात, ‘माले काही व्हयेल नही,’ आणि मागे उभा मुलगा हातानं खूण करतो: सहा वेळा. त्रास लवकर कळला तर मलम, लोपेरामाइड, चार दिवसांची विश्रांती किंवा एक पायरी खालचा डोस एवढ्यावर भागतं, आणि कमी डोसवर वर्षानुवर्षं ठीक राहिलेले रुग्ण आहेत. दडवलेला त्रास भरती होण्यापर्यंत जातो, आणि मग गोळी खरंच थांबवावी लागते. वही ठेवा: तारीख, जुलाब किती, ऑक्सिजन, वजन, नवीन काय. ती रुग्णाच्या हाती न देता सोबत येणाऱ्याच्या हाती द्या.

१८. स्कॅन एकदम चांगला आला. आता थांबवू का?

नाही. पसरलेल्या आजारात गोळी गुण देते तोवर चालूच राहते. अचानक बंद केल्यावर काही रुग्णांत आठवड्याभरातच आजार उसळलेला पाहिला गेला आहे. अपवाद एक: ऑपरेशननं गाठ काढल्यानंतर दिलेली गोळी ठरलेल्या मुदतीची असते, ऑसिमर्टिनिब साधारण तीन वर्षं, अलेक्टिनिब दोन वर्षं. तुमची कोणत्या कारणासाठी आहे ते फाईलवर बघा.

१९. गिळता येत नाही. कुटून देऊ का?

कुटू नका. जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिब साध्या पाण्यात विरघळवून लगेच देता येतात, पेला विसळून तेही पाणी पाजायचं, सोडा-शीतपेयात नाही. अलेक्टिनिब, क्रिझोटिनिबच्या कॅप्सूल फोडायच्या नाहीत. बाकीच्यांचं विचारा.

२०. वडील गेले. दीड पाकीट उरलंय, महागाचं आहे. गावातल्या दुसऱ्या पेशंटला दिलं तर?

भावना समजते. पण तुमच्या वडिलांचा बिघाड आणि त्यांचा बिघाड एकच असेल असं नाही, डोस वेगळा असू शकतो, आणि गोळी कुठे, किती उन्हात राहिली हे कुणाला माहीत नाही. परस्पर देऊ नका. न उघडलेलं पाकीट आणि बिल घेऊन, जिथे उपचार चालू होते तिथल्या समाजसेवा विभागात विचारा, काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही. उघडलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानदाराला नष्ट करायला द्या. उकिरड्यावर किंवा गटारीत टाकू नका, कोंबड्या आणि लेकरं दोघंही तिथे फिरतात.